राजाच्या डोळ्यांवरची पट्टी

२८ सप्टेंबर

बाबा आज जेवताना म्हणाले, की या म्रातिंदानला ते स्लावा सोपवणार. कुणाला, ते सांगितलं नाही. आमच्या घरात आज बोललेलं उद्या कुणी कबूल करत नाही, म्हणून ही वही. कोण काय म्हणालं ते तारखेनिशी लिहून ठेवणार आहे.

आधी व्याख्या. सदतीस वर्षं इतिहास शिकवल्याची सवय आहे, जात नाही. स्लावा म्हणजे घराण्याचा कुळाचार: एक संत, वर्षातला एक दिवस, एक मेणबत्ती, एक पाव. बाप थकला की सगळ्यांसमोर तो पाव मुलाबरोबर मोडतो, आणि त्या क्षणापासून स्लावा मुलाची. आमचा संत देचानीचा राजा स्तेफान. दिवस म्रातिंदान, म्हणजे चोवीस नोव्हेंबर.

बाबा एकोणनव्वद वर्षांचे आहेत. त्यांना मुलगा एकच, माझा धाकटा भाऊ मोमिर. तो ऑस्ट्रियात लिन्त्सला असतो आणि गेल्या बत्तीस वर्षांत त्याने या घरात पाऊल टाकलेलं नाही. दुसरी मी, दारिंका. माझं लग्न अकरा महिने टिकलं आणि मी परत आले. चाळीस वर्षं स्लावाचा पाव मी मळते, प्रसादाचा गहू मी शिजवते, पाद्रीला मी आणते. गेल्या वर्षी तर मेणबत्तीही मीच पेटवली, कारण बाबांना वात सापडेना.

मुलीकडे स्लावा जात नाही असं म्हणतात. मुलगा नसला तर जाते, हेही सगळ्या गोलिया डोंगराला ठाऊक आहे. आणि मोमिर नसल्यातच जमा.

मला ती हवी आहे. एकदा लिहून टाकलं, संपलं.

३ ऑक्टोबर

बाबांना घेऊन क्राल्येवोच्या इस्पितळात. मोतीबिंदू काढून महिना झाला तरी ते म्हणतात, काही दिसत नाही, नुसतं धुकं. डॉक्टर तिशीचा पोरगा. त्याने चार बोटं धरली.

"आजोबा, किती?"

"कुणाची?"

"माझी."

"तुझी दहा असतील. नसली तर ऑपरेशन कशाला केलंस?"

बाहेर आल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाला, "बाई, ऑपरेशन उत्तम झालंय. यांना दिसायला हवं." मी म्हटलं, "दिसायला हवं हे मलाही माहीत आहे, त्यासाठी वैद्यकी शिकावी लागत नाही." माझ्या वर्गात त्याने असं उत्तर दिलं असतं तर त्याच इयत्तेत पुन्हा बसवलं असतं. काळा चष्मा घेतला. परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. सवय, दुसरं काय.

वही पावाच्या कापडांच्या खणात ठेवते. घरात वाचणारं दुसरं कुणी नाही.

६ ऑक्टोबर

पाद्री स्रेतेन आला होता. देवळासाठी आठ पानांची पुस्तिका हवी, 'पवित्र राजा स्तेफान: जीवन आणि राज्य'. ती म्रातिंदानला आमच्या टेबलावर वाचायची. "तारखा कमी करा हो बाई," म्हणाला, "आणि चमत्कार जरा वाढवा. लोकांना तारखा पचत नाहीत." हा मनाने चांगला आहे, डोक्याने मठ्ठ. मी चमत्कार वाढवणार नाही हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने तिसरा पेला घेतला आणि हो म्हणाला.

९ ऑक्टोबर

पहिला खर्डा बाबांना वाचून दाखवला. मूळ गोष्ट अर्ध्या पानात मावते. राजा मिलुतिनचा हा मुलगा. बापाविरुद्ध उठला. बापाने त्याचे डोळे काढवले आणि त्याला कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिलं. तिथे मठात सात वर्षं. मग परत बोलावलं. बाप मेल्यावर याने डोळ्यांवरची पट्टी काढली, आणि बघतात तर याला दिसतं. राजा झाला, सावत्र भावाला मारलं, बल्गारांना हरवलं, देचानीचा मठ उभारला. दहा वर्षंही पुरी झाली नव्हती, तर त्याच्याच मुलाने त्याला पकडून झ्वेचानच्या किल्ल्यात डांबलं. तिथे तो मेला. गळा दाबून, असं म्हणतात. बाप संत, मुलगा संत. नातवाला कुणी संत केलं नाही, तो नुसताच सम्राट झाला.

बाबा म्हणाले, "पट्टीचं नीट लिहिलं नाहीस."

"काय राहिलं?"

"त्याला दिसत होतं. मठात असल्यापासून. त्याने सांगितलं नाही, एवढंच. पट्टी बांधून बसला आणि कोण काय करतं ते बघत राहिला."

"बाबा, ते चरित्रकारांनी नंतर घातलेलं आहे. पुरावा नाही. डोळे अर्धवटच काढले असणार, थोडी नजर राहिली असणार."

"पुरावा कसा असेल? पट्टीआड बसलेला माणूस पुरावा ठेवतो का?"

त्यांना कथा आवडतात. मी ते वाक्य घातलं नाही.

१२ ऑक्टोबर

आज पुस्तिकेचं काम होईना. राजाला कुणी पकडून दिलं, हा प्रश्न लिहिताना भलतंच आठवत राहिलं. तेही लिहून ठेवते. वही प्रामाणिक नसेल तर ठेवायची कशाला.

एक्याण्णवच्या ऑक्टोबरात युद्धासाठी सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या आल्या. मोमिर अठ्ठावीसचा होता. तो गेला नाही. वर डोंगरात आमची मेंढरांची झोपडी आहे, तिथे जाऊन राहिला. बाबा टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "या घरात पळपुटे जन्मले नाहीत." पण रोज रात्री चीज आणि पाव पिशवीत भरून तेच वर नेऊन ठेवत.

लष्करी पोलीस माझ्या शाळेत आले. वर्ग चालू होता. त्यांनी विचारलं, "भाऊ कुठे आहे?" मी सांगितलं. मी खोटं बोलत नाही. तीस मुलांसमोर तर नाहीच. सगळ्यांचे भाऊ जात होते, माझा का जाऊ नये, असंही तेव्हा वाटलं होतं. आजही मला त्यात चूक दिसत नाही.

मोमिर पाच महिन्यांनी आघाडीवरून परत आला. डावा कान गेला होता, बाकी धड होता. त्याला वाटलं बाबांनीच सांगितलं. त्या टेबलावरच्या वाक्यानंतर त्याला दुसरं काय वाटणार. बाबांना वाटलं, शेजारच्या विदोयेने झोपडीचा धूर पाहिला आणि सांगितलं. त्या दिवसापासून बाबा विदोयेशी बोलत नाहीत आणि मोमिर बाबांशी बोलत नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१५ ऑक्टोबर

विचित्र दिवस. सकाळी बाबांनी स्वतःहून कोट मागितला, काठी घेतली आणि मला न घेता विदोयेच्या फाटकापर्यंत गेले. मी कुंपणाआडून पाहत होते, पडतील या भीतीने. विदोये लाकडं रचत होता. त्याचंही वय शहाऐंशी.

"विदोये," बाबा म्हणाले.

विदोयेने मागे वळून पाहिलं. मग अंगणात दुसरं कुणी आहे का ते पाहिलं. "मला म्हणतोस?"

"तुला."

"चौतीस वर्षं तुझी मेंढरंसुद्धा माझ्या कुंपणाकडे पाठ करून चरतात, तिहोमिर. आज काय झालं, मेलास की काय?"

"अजून नाही. आधी हे उरकायचं होतं."

पुढचं ऐकू आलं नाही. बाबांनी टोपी काढली होती. मग दोघं ओंडक्यावर बसले. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "म्हाताऱ्यांचं बोलणं."

माणूस मऊ होतो या वयात. मरण जवळ आलं की शत्रूही बरे वाटू लागतात. मला आनंदच आहे, कुंपणापलीकडचा अबोला तरी मिटेल.

२१ ऑक्टोबर

बाबांनी पुस्तिकेची चौकशी केली. मी म्हटलं, स्रेतेन घाई करतोय. "मठ्ठ आहे," बाबा म्हणाले, "पण मनाने चांगला." अगदी माझंच मत. बाप-लेकीचं इतकं जुळावं याचं नवल वाटलं, आणि जरा बरंही. स्लावाबद्दल त्यांचं मन माझ्याकडे वळतं आहे असा माझा अंदाज.

खणातली कापडं कुणी उलटी घडी घातली कळत नाही. मीच असेन. घाईत.

२ नोव्हेंबर

"लिन्त्सचा नंबर लावून दे," बाबा म्हणाले. मी हातातला चमचा खाली ठेवला. बत्तीस वर्षांत त्यांनी हा नंबर मागितला नव्हता. वर्षातून दोनदा मी फोन करते, ईस्टरला आणि मोमिरच्या वाढदिवसाला, तब्येतीपुरता. लावून दिला. "आता बाहेर जा, दारा." गेले. दार लावलेलं होतं. चार मिनिटं.

"काय बोललात?"

"म्हटलं, आंधळा झालोय. मरण्याआधी एकदा ये."

"मग?"

"म्हणाला, बघतो."

तो येणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला आशाळभूत म्हणू नये.

११ नोव्हेंबर

तो येतो आहे. मुलीला घेऊन. बायको येणार नाही, तिला सुट्टी नाही. मुलगी नेदा, सव्वीस वर्षांची, लिन्त्सलाच जन्मली. मी तिला फक्त फोटोत पाहिलं आहे. मोमिरला मुलगा नाही, हे नमूद करते.

मी शांतपणे विचार केला आहे. मोमिर स्लावा घेणार नाही. तो देवळात जात नाही, आणि बाबांच्या हातून तर पाणीही घेणार नाही. तो नाही म्हणेल, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणाला तर उलट बरंच. मग बाबांना पाव मोडायला माझाच हात उरेल.

१९ नोव्हेंबर

पुस्तिका झाली. सात पानं, चमत्कार एक, तोही 'म्हणतात' लावून.

म्रातिंदानला उंबऱ्यावर काळा कोंबडा कापायचा असतो. विदोयेने त्याच्याकडचा आणून दिला. आता तो रोजच येतो. बाबा बाकावर बसले होते, चष्मा लावून. म्हणाले, "हा चालायचा नाही. शेपटीत पांढरं पीस आहे." विदोयेने शेपूट उलगडली. होतं खरं, एकच, आतल्या बाजूला. विदोये बाबांकडे पाहत राहिला आणि मग एकदम खोकल्यासारखं हसायला लागला. "पांढरं पीस तर पांढरं पीस," म्हणाला, "तिहोमिर, तू आंधळा म्हणून फारच महागात पडतोस." दोघांचं काय चाललेलं असतं देव जाणे. विदोयेनेच आधी सांगितलं असणार.

दुसरा कोंबडा आणला.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आले. मोमिर केस पिकून अगदी बाबांसारखा दिसतो. फाटकात थांबला. मी पुढे गेले, त्याने मला कवटाळलं आणि म्हणाला, "ताई, तू कसं सोसलंस गं याच्याबरोबर इतकी वर्षं?" मी म्हटलं, "सवय होते." दुसरं काय म्हणणार.

बाबांशी हात मिळवला. हात, मिठी नाही.

"वाटेत त्रास झाला?" बाबा.

"रस्ते चांगले आहेत. बाहेर जाणाऱ्यांसाठी तर फारच चांगले बांधलेत."

"कान कसा आहे?"

मोमिर थांबला. "तुम्हाला विचारायचं सुचलं, हे बरं झालं. चौतीस वर्षांनी."

बाबांनी मान डोलावली. मला वाटलं होतं, निदान रागावतील.

मुलगी मात्र बडबडी. आमची भाषा बोलते, पण प्रत्येक शब्द जरा इस्त्री केल्यासारखा. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. "आत्या, मी मळू?" मी म्हटलं, स्लावाच्या पावाला हात लावायचा तर अंगठ्या काढाव्या लागतात. सात अंगठ्या काढल्या तिने. बरं मळलं. मनगटात जोर आहे. वरचा क्रूस आणि द्राक्षांचा घोस मी केला, वेणी तिने घातली. वाकडी होती, मी दुरुस्त केली नाही. का ते माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, म्रातिंदान

जसं झालं तसं लिहिते.

स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. ज्यांना ठाऊक आहे ते येतात. तरी एकोणीस जण झाले. विदोये पहिला, पांढऱ्या सदऱ्यात. स्रेतेनने प्रार्थना म्हटल्या, पावावर वाइन ओतली. मी पुस्तिका वाचायला उभी राहिले. राजाने पट्टी काढली त्या ठिकाणी बाबा मधेच बोलले, "त्याला आधीपासून दिसत होतं." सगळे हसले. मी म्हटलं, पुरावा नाही. विदोये म्हणाला, "वाचू दे तिला, तिहोमिर. शिक्षिका आहे, खोटं वाचणार नाही." पुढे वाचलं.

मग पाव मोडायची वेळ. बाबा उभे राहिले. पाव दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मोमिर."

मोमिर बसूनच राहिला. "मला नको, बाबा. मी तुमच्या डोळ्यांसाठी आलो. तुमच्या हातून मला काही घ्यायचं नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, आणि या टेबलावर निम्म्यांना माहीत आहे."

मी एप्रन सोडलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि हात पुसले. हे लिहिताना लाज वाटते, पण ते मी केलं. माझे हात कोरडे होते.

बाबा म्हणाले, "ठीक. नेदा, बाळ, इकडे ये."

स्रेतेन हळू आवाजात, "आजोबा, मुलीला..."

"का? बुडते का स्लावा मुलीच्या हातात?"

"रिवाज..."

"रिवाज मी आहे. मी मेल्यावर तू हो."

नेदाने बापाकडे पाहिलं. मोमिरने खांदे उडवले. त्याचे डोळे भरले होते. ती गेली. पाव दोघांनी धरला, फिरवला, आणि मोडला. वेणीच्या बाजूने मोडला. बाबांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बायका रडल्या. मी सूप आणायला आत गेले.

चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला देत नाहीत कारण मी बाई आहे. ते कारण सोसता येतं. हजारो बायका सोसतात. आज ते कारण गेलं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं, तोंडावर. "मी का नाही?"

त्यांनी चष्मा माझ्या दिशेला वळवला. "तू खोटं बोलत नाहीस, दारा," म्हणाले. "हे सगळ्यांना माहीत आहे."

ही स्तुती होती का उत्तर, मला कळलं नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी नऊ. मोमिर आणि नेदा आज निघतात. स्लावा त्यांच्याबरोबर जाते. बाबा स्वयंपाकघरात आले, भिंतीला हात न लावता.

"सोपवलेल्या वस्तूंची यादी कर. तुझं अक्षर चांगलं आहे."

केली. वाचून दाखवली.

"एक राहिलं," म्हणाले. "वही."

"कुठली वही?"

"पावाच्या कापडांखालची. ती मोमिरला."

त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. डोळे स्वच्छ होते. मी खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून?"

"दिसतंय? ऑपरेशननंतर आठवड्याने. आधी गंमत म्हणून सांगितलं नाही. वाचून दाखवणारं कुणी असलं की बरं वाटतं. मग तू खणात काहीतरी लपवायला लागलीस."

"तुम्ही दोन महिने खोटं बोललात."

"बोललो. मी बोलतो. त्या पोराने चौतीस वर्षं मला दोष दिला, मीही शेजाऱ्याला दिला, आणि तू मधोमध बसून पाव मळत राहिलीस."

"मला कुणी विचारलं नाही."

"आता मी विचारतोय."

"तुम्हीच सांगा ना त्याला. वाचलंय तुम्ही."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल म्हातारा मरताना स्वतःला सोडवतोय. तू लिहिलंयस, तारीख घालून. तुझ्यावर विश्वास ठेवेल."

"मी ती चुलीत घालू शकते."

"घालू शकतेस," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. काठी आतच राहिली.

चूल पेटलेली आहे. मी तिच्यासमोर बसूनच हे लिहिते आहे. पोलिसांनी विचारल्यावर मी एका वाक्यात सांगितलं होतं, इतका वेळ घेतला नव्हता. तेव्हा मी जराही घाबरले नव्हते, हे आता पहिल्यांदा ध्यानात येतं.

मोमिर अंगणात गाडीत सामान भरतो आहे. त्याला उजव्या बाजूने हाक मारावी लागेल.

सोपवलं, मंगळवार, पंचवीस नोव्हेंबर, सकाळी साडेदहा.

नेदाला: राजा स्तेफानचं पवित्र चित्र, लाकडावर रंगवलेलं, खालचा कोपरा जळलेला. पितळी दिवा, साखळीसह. मेणबत्तीचं उरलेलं टोक. पावावर उठवायचा लाकडी ठसा. घरातल्या जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या नावांची यादी, पाद्रीने वाचायची. त्यात विदोयेचं नाव बाबांनी काल स्वतः घातलं. गव्हाच्या प्रसादाची कृती, तोंडी. तिने ती फोनमध्ये माझ्या आवाजात रेकॉर्ड करून घेतली.

मोमिरला: ही वही. लिहिलेली पानं एकतीस. एकही फाडलेलं नाही.